ओळखीचे बुडबुडे

एका दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत एक संशयी गोगलगाय राहत असे. दाणा पडला तरी ती आधी चारदा चाचपून पाही. शेजारी एक सोनमासा आणि चार छोटे मासे होते. कोपऱ्यातल्या नळीतून अखंड बुडबुडे येत आणि सोनमाशाचा मुक्काम सदा त्यांच्यातच.

एके दिवशी त्या खोलीत रंगारी आले. मालकीणबाईंचा माशांवर भारी जीव! त्यांनी पेटीभोवती प्लॅस्टिक गुंडाळलं, कडेने चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "आता रंगाचा थेंब आत जाईल तर शपथ!" पण बालमित्रांनो, आतल्यांचं काय झालं असेल? सगळं जग पांढरंफटक झालं. बाहेर बिनतोंडाच्या सावल्या हलू लागल्या. भिंतीवर कोणीतरी खर्र, खर्र खरवडत होतं. मध्येच एक भलामोठा पंजा प्लॅस्टिकवर टेकला आणि तसाच राहिला. छोट्यांची तर पाचावर धारण बसली.

"भिता कशाला रे?" सोनमासा म्हणाला, "चहूबाजूंनी बंदोबस्त आहे. या माझ्याजवळ, इथे ताजी हवा येते."

गोगलगाईला मात्र चैन पडेना. बुडबुड्यांना आज कडवट, झोंबरा वास होता. नळीला धरून ती हळूहळू वर चढली, पाण्याबाहेर आली आणि नळीपाशी प्लॅस्टिकला राहिलेल्या फटीतून पाहते तर काय! नळीचं दुसरं टोक हवेच्या पंपाला जोडलेलं, पंप फळीवर घूं घूं करतोय आणि त्याला अगदी खेटून ऑइलपेंटचा उघडा डबा! पंप बापडा तीच हवा ओढून आत सोडत होता. गोगलगाईने अंग सोडून दिलं ती थेट तळाशी आली.

"अरे, पळा तिथून! बुडबुड्यांत विष आहे! पलीकडच्या झुडपात शिरा!" ती ओरडली. छोट्यांनी धूम ठोकली.

"काहीतरीच तुझं, मावशी! जन्मापासून याच हवेवर जगलोय मी," सोनमासा हसला आणि बुडबुड्यांना आणखीच बिलगला. थोड्या वेळाने त्याचं बोलणं अडखळू लागलं. मग तो बोलेनासा झाला.

गोगलगाय हाका मारून दमली.

संध्याकाळी प्लॅस्टिक निघालं. सोनमासा उताणा झाला होता आणि बुडबुडे त्याला हळूहळू गोल गोल फिरवत होते. झुडपातून चौघं छोटे टक लावून पाहत होते, दादा खेळतोय असंच त्यांना वाटत होतं. "अगं बाई, पंप इथेच राहिला की!" म्हणत मालकीणबाईंनी धावत जाऊन बटण बंद केलं. बुडबुडे थांबले आणि सोनमासाही फिरायचा थांबला.

तात्पर्य : संकटाला दार लावलं म्हणजे भागत नाही, रोजच्या भरवशाच्या वाटेवरही नजर ठेवावी लागते.