धाकटा वेगळा निघाला

रेणूही जेव्हा माणसांसारखे रुसत-फुगत असत, तेव्हाची गोष्ट. एका डोंगरी घोडीच्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचं चार भावांचं कुटुंब होतं. चौघे एकमेकांना बिलगून फिरत. फुप्फुसात प्रत्येकाने प्राणवायूचा कण उचलायचा आणि पायांच्या स्नायूंना नेऊन द्यायचा. एकाने कण उचलला की बाकीच्यांना उचलणं सोपं जाई. एकाने सोडला की बाकीच्यांच्याही मुठी सैल होत.

धाकट्याला हे लोढणं वाटे. "दादा, या गर्दीत माझं कसब दिसतच नाही. मी वेगळा निघतो."

"नीघ बाबा," थोरला म्हणाला. "पण सोडताना तुला जड जाईल."

"सोडताना? अहो, कसब धरण्यात असतं!"

तो निघाला. तिघांनी दुसरा एक पोरका भाऊ जवळ केला. फुप्फुसात पोचताच धाकट्याने सगळ्यांच्या आधी कण पटकावला. त्याची छाती फुगली.

घोडी उभ्या चढणीला लागली. मागच्या पायातला स्नायू कळवळला, "दे रे लवकर, गोळे येताहेत!" धाकट्याने सारा जोर लावला, मूठ काही उघडेना. तेवढ्यात भाऊ आले, त्यांनी भराभर कण दिले आणि घोडी चढण चढून गेली.

धाकट्याची कीर्ती रक्तभर झाली. त्याच्याइतकं घट्ट कुणालाच धरता येत नाही, असं सगळे आदराने सांगत. त्याच्याकडे मागायला मात्र पुन्हा कुणी गेलं नाही.