ओल्या खारकांची जकात

मस्कतला चाळीस मण भरलेली खारीक कातळबंदरच्या काट्यावर पन्नास मण भरली! वाटेत वारा उलटला होता, लाटा गलबतावर चढल्या होत्या आणि पोती पाणी पिऊन टम्म फुगली होती. गलबताचा मालक धाकू तांडेल, त्याने कपाळाला हात लावला. जकातदार जिवाजीपंतांचा चेहरा मात्र उजळला.

“पन्नास मणांची जकात काढ, धाकू!”

“पंत, त्यातलं दहा मण नुसतं खारं पाणी आहे हो!”

“असेना! आलं कुठून? समुद्रापलीकडून. आणि समुद्रापलीकडून जे येईल त्यावर जकात. आज पाणी म्हणून सोडलं, तर उद्या लोक अत्तरालाही पाणीच म्हणतील!”

तेवढे पैसे धाकूकडे नव्हते. पंतांनी पोती वखारीत कोंडली आणि दाराला कुलूप घातलं. ओली खारीक बंद जागेत चार दिवसांत आंबते, हे साऱ्या बंदराला ठाऊक होतं. पंतांनाही होतं.

धाकूची मुलगी चांगुणा काठावर फाटकं शीड शिवत बसली होती. तिने सुई खोचून ठेवली. “बाबा, उठा. महाराजांकडे जाऊ.”

राजेसाहेब तसे न्यायी होते. फक्त त्यांचा न्याय एकदा तोंडातून बाहेर पडला, की परत आत जात नसे. त्यांनी सगळं ऐकलं आणि मिशीवर बोट फिरवलं.

“पंत करतात ते बरोबरच. वीस वर्षं त्यांनी बंदर राखलंय. समुद्रापलीकडची काडीसुद्धा जकात चुकवून माझ्या राज्यात शिरलेली नाही!”

“काडीसुद्धा नाही, महाराज?” चांगुणा पटकन बोलून गेली.

राजेसाहेबांच्या भुवया चढल्या. “अशी एक तरी वस्तू दाखव! दिवस मावळायच्या आत दाखवलीस, तर बापाची सगळी जकात माफ. नाही दाखवलीस, तर खारीक गेली आणि गलबतही गेलं!”

बाहेर आल्यावर धाकूने पायरीवरच बसकण मारली. “पोरी, काय बोलून बसलीस गं!”

पण आता बोललं ते बोललं. चांगुणा बाजारपेठेत शिरली. मागोमाग जिवाजीपंत बगलेत वही मारून निघाले, मोठ्या हौसेने!

“या चिनी बरण्या?” तिने विचारलं.

“भरली जकात. हे बघ पान!”

“तो हबशांच्या देशातला पोपट?”

“पोपटाची वेगळी, पिंजऱ्याची वेगळी!”

काचेच्या हंड्या, बसऱ्याचं गुलाबपाणी, एका म्हाताऱ्या खलाशाची शिंगाची तपकिरीची डबी... सगळ्यांची नोंद होती! चांगुणा घामाघूम झाली. पेठ संपली आणि समोर खाडी अन् तिच्या काठचं मिठागर दिसलं. ऊन डोक्यावर आलं होतं. आज बीज, दुपारी भरतीचं पाणी चढायचं. चढत होतंच. ती बघत राहिली आणि एकाएकी हसली.

“पंत, महाराजांना मिठागरावर बोलवा. आणि जरा लवकर!”

मिठागर राजेसाहेबांचं खासगीतलं. ते पोचले तेव्हा त्यांच्याच माणसांनी बांधावरच्या उघाडीची फळी वर ओढली होती आणि समुद्राचं पाणी धो धो आत येत होतं.

“बघा, महाराज!” चांगुणाने पाण्याकडे बोट दाखवलं. “समुद्रापलीकडचा माल. बिनजकातीचा शिरतोय. कालही शिरला, परवाही शिरला!”

“महाराज, हे तर पाणी!” पंत उसळले. “पाणी म्हणजे काय माल झाला?”

“नाही ना, पंत? मग आमच्या पोत्यांतलं दहा मण काय होतं?”

पंत वही चाळू लागले. “ते... ते गलबतातून आलं. हे आपलं आपण आलं.”

“आपलं आपण? मग फळी कुणी ओढली?”

फळी धरलेली माणसं महाराजांकडे बघू लागली. महाराज फळीकडे बघू लागले.

चांगुणाने हात जोडले. “पाणी माल असेल, तर पंतांनी आधी महाराजांची वीस वर्षांची जकात काढावी. नसेल, तर आमचं दहा मण वजा करावं. मला दोन्ही चालेल!”

मग राजेसाहेब असे खदखदून हसले, की बांधावरचे बगळे उडाले!

“पंत, काटा मागवा! समुद्र जोखायला घ्या!”

पंत वहीत तोंड खुपसून उभे राहिले. महाराजांनी डोळे पुसले. “तांडेल, तुमची सगळी जकात माफ. वखार आत्ताच्या आत्ता उघडा, खारीक उन्हात पडू दे. आणि पोरी, हा समोरचा मिठाचा वाफा आजपासून तुझा!”

“पाण्यासकट, महाराज?”

“पाण्यासकट!” राजेसाहेबांना पुन्हा हसू फुटलं. “आणि बिनजकातीच्या!”