पाकळीवरचे दोन ठिपके

फार जुन्या काळी, एका डोंगराळ राज्यातल्या राजाच्या चित्रशाळेत, फुलांच्या जुन्या चित्रांच्या प्रती काढणारी एक चित्रकर्ती होती. मूळ चित्रे कुणा चित्रकाराने कित्येक पिढ्यांपूर्वी रानोमाळ हिंडून, जिवंत झाड समोर ठेवून काढलेली. आता त्यांचा कागद इतका जीर्ण झाला होता की पान उलटताना श्वास रोखावा लागे. म्हणून राजाने आज्ञा केली, की गावोगावच्या वैद्यांसाठी त्यांच्या प्रती हाताने काढाव्यात. ती चित्रे पाहूनच वैद्य रानातली औषधी ओळखत.

चित्रशाळेचा नियम कडक होता. फुलाचे असेल ते केसाएवढेही सोडायचे नाही. आणि कागदावर मागाहून पडलेला डाग, किडीचे छिद्र, पाण्याचा ओघळ, यांतले काहीही उतरवायचे नाही. फूल कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो हे ओळखण्यात या चित्रकर्तीचा हात धरणारे कुणी नव्हते. मुख्य चित्रकार आता थकले होते. आपली जागा ते तिलाच देणार होते, आणि उद्याच्या दरबारात तशी घोषणा व्हायची होती.

त्या दिवशी ती एका पांढऱ्या फुलाची दुसरी प्रत काढायला बसली. याच फुलाची मुळी तापावर देत. पण हुबेहूब असेच दिसणारे एक विषारी झुडूप शेजारीच उगवते, असा इशारा चित्राखाली लिहिलेला होता. मूळ चित्रात पाकळ्यांवर तीन तपकिरी ठिपके होते. तिसरा ठिपका पाकळीची कड ओलांडून बाहेर पसरला होता. त्यावरून पहिल्या वेळी तिने ठरवून टाकले होते, की तिन्ही डागच आहेत. ती प्रत बिनठिपक्यांची झाली, आणि घोडेस्वार ती घेऊन सीमेवरच्या गावाकडे निघूनही गेला होता.

आज खिडकीतून ऊन तिरपे आले, आणि तिचा कुंचला हवेतच थांबला. तिसरा ठिपका गढूळ होता, फाटक्या कडांचा. उरलेले दोन मात्र या उन्हात जांभळट दिसत होते, नेटके होते. तिने पान हलकेच उलटले. डाग असता तर मागे उमटला असता. पण नेमके तिथेच कुणीतरी डिंकाने कागदाची पट्टी चिकटवली होती. काहीच ठरेना.

ती मुख्य चित्रकारांकडे गेली. "गुरुजी, मला हे फूल कळत नाहीये."

"तुला? आणि फूल कळत नाही?" ते हसले. "अगं, वैद्य काय भिंग लावून बसणार आहेत? एक काहीतरी ठरव आणि मोकळी हो."

"एकदा ठरवलं होतं. तीच प्रत पुढे गेली आहे. एक घोडेस्वार मागे धाडा, गुरुजी."

त्यांचे हसू मावळले. "म्हणजे उद्या भर दरबारात मी काय सांगू? चित्रशाळेची प्रत चुकली म्हणून? ज्या मुलीचं नाव मी सुचवतोय, तिला ठिपका आणि डाग कळत नाही म्हणून? घोडा मिळायचा नाही. उद्या नीट तयार होऊन ये."

ती परत जागेवर बसली, पण हात चालेना. कुणी आजारी पडले असेल का? नसेलही. ते डागच असतील, आणि आपलेच हसे होईल. ते डागच असावेत, अशी आपण मनातल्या मनात प्रार्थना करतो आहोत, हे लक्षात येताच ती उठली. कुणालाही न विचारता ती पायीच सीमेवरच्या गावाकडे निघाली. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ती त्या गावची खबर विचारी.

गावात पोहोचली तेव्हा वैद्यबाईंच्या ओसरीवर एक आई तापाने फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. समोर चित्रकर्तीनेच काढलेले चित्र उघडे होते. शेजारी एक पांढरे फूल होते, अगदी बिनठिपक्यांचे. मुळी उगाळून झाली होती; वाटी वैद्यबाईंच्या हातात होती.

"थांबा! ते देऊ नका!"

वैद्यबाईंनी वर पाहिले. "का गं बाई? या चित्राबरहुकूमच आणलंय. ठिपक्यांचीही झुडपं होती तिथे, ती मुद्दाम सोडून दिली."

"चित्र मीच काढलंय. त्या फुलावर ठिपके असतील, किंवा नसतीलही."

"मग औषध कुठलं आणि विष कुठलं?"

इतक्या लांबून ती ज्या शब्दांना भीत आली होती, तेच आता उच्चारायचे होते. "मला माहीत नाही."

"एवढी तंगडतोड करून हे सांगायला आलीस?" आई कडाडली. "माहीत नव्हतं तर काढलंस कशाला? माझी पोर इथे भाजतेय!"

वैद्यबाईंनी वाटी उकिरड्यावर रिती केली आणि गुळवेलीचा काढा उकळायला ठेवला. "याने उतरेल, पण सावकाश. कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहा."

मुलीचा ताप लवकर हटला नाही. तिच्या प्रत्येक कण्हण्यासरशी चित्रकर्तीला वाटे, आपण खरे औषधच फेकायला लावले. पहाटे कुठे मुलीला घाम सुटला आणि तिने पाणी मागितले. उजाडल्यावर आई अंगणात गेली आणि तिथेच थबकली. उकिरड्यावर वैद्यबाईंच्या कोंबड्या मरून पडल्या होत्या.

आत येऊन तिने चित्रकर्तीपुढे भाकरी ठेवली.

चित्रकर्ती राजधानीत परतली तोवर मुख्य चित्रकारांची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती. तिने आपली दुसरी प्रत पुढे ओढली आणि त्यात दोन ठिपके रंगवले. मग पुढचे चित्र घेतले. त्यात एका देठाचा रंग तिला उलगडेना, तेव्हा तिने खाली स्वच्छ अक्षरात लिहिले: 'मूळ चित्रावरून हा रंग मला ठरवता आला नाही. वैद्यांनी झाड पाहून खात्री करावी.'

या कथेचे तात्पर्य इतकेच: ज्याच्या कामावर दुसऱ्याचा जीव विसंबून असतो, त्याने आपले अज्ञान अंदाजाखाली झाकू नये, 'मला माहीत नाही' हे वेळेवर सांगावे, मग त्यापायी मान गेला तरी चालेल.