घंटेच्या पुलाची कहाणी

ऐका बायांनो, नदीमायेची आणि तिच्यावरच्या दगडी पुलाची कहाणी.

आटपाट नगर होतं, पण ते आपल्या मुलखात नव्हतं. दूर ग्रीक यवनांच्या देशांत, उंच डोंगरांत होतं. गावाखाली नदी होती. तिला ओढ फार. दर सालीं माणसं न्यायची. त्या गावीं मोर्फो नावाची एक विधवा राहत होती. तिचा नवरा मेंढरं घेऊन पाण्यांत उतरला, तो वर आलाच नाही. पदरीं एकुलती लेक, आन्थी.

मोर्फोनं गावाला हात जोडले, पाथरवट बोलावले, डोक्यावर दगड वाहिले. पहिल्या सालीं कमान बांधली, ती पडली. दुसऱ्या सालीं बांधली, ती पडली. तिसऱ्या सालीं बांधली, तीही पडली. मग मोर्फो काठावर बसून रडूं लागली. तिथं एक म्हातारी आली.

"कां ग बाई रडतेस?"

"आजी, पूल उभा राहत नाही."

"मी सांगेन तो वसा घेशील?"

"घेईन."

"मग ऐक. कमान बांध, कमानीखाली घंटा टांग. वारा उठला कीं ती वाजेल. वाजली कीं कुणी पुलावर पाऊल टाकूं नये, राजा असो कीं मेंढपाळ. रोज एका वाटसरूला हात धरून पार न्यावं, मग आपण जेवावं. उतूं नको, मातूं नको, घेतला वसा टाकूं नको."

मोर्फोनं वसा घेतला. पूल उभा राहिला. कळप आले, व्यापारी आले, मोर्फोची पुलाशीं धर्मशाळा झाली. आन्थी मोठी झाली. पलीकडच्या गावचा मुलगा ठरला.

लग्नाचा दिवस उजाडला. आन्थीला खेचरावर बसवून वरात पुलाशीं आली. तिथं एक फाटकी बाई उभी होती. म्हणाली, "मला पार ने."

मोर्फो म्हणाली, "आज नाही. आज माझ्या लेकीचं लग्न."

इतक्यांत घंटा वाजली. वाजंत्री थबकले. म्हातारा पुजारी म्हणाला, "मोर्फो, थांब."

"माझाच पूल, माझीच घंटा. मला कोण थांबवणार? चला!"

वरात निघाली. कमानीच्या माथ्यावर वाऱ्याचा लोट आला. खेचर भ्यालं, मागच्या पायांवर उभं राहिलं. आन्थी कठड्यावरून गेली. ओरडलीसुद्धा नाही. तिची लाल ओढणी तेवढी वर उडाली, सावकाश फिरत राहिली. सगळे ओढणीकडेच बघत होते. खालीं बघायला कुणाची मान वळेना. मोर्फोचा हात पुढं झालेला, तो तसाच राहिला. नवऱ्या मुलाची आई पलीकडून हाका मारीत होती, "नवरी कुठं आहे? अग, नवरी कुठं आहे?"

लोक काठाकाठानं धावले. दरींत उतरायला वाट नाही. आन्थी सांपडली नाही.

मोर्फो पुलाच्या तोंडाशीं बसली. पहिल्या दिवशीं एक आंधळा आला, त्याला हात धरून नेलं. दुसऱ्या दिवशीं एक तेली आला, त्याला नेलं. घास मात्र घशाखालीं जाईना. तिसऱ्या दिवशीं पिठानं माखलेली एक बाई आली, तिला नेलं. पलीकडे पोंचल्यावर ती बाई म्हणाली, "बाई, ऐक. मी खालच्या पाणचक्कीवरची. आमच्या बंधाऱ्यांत एक नवरी अडकली होती. पाय मोडलाय, पण जिवंत आहे. तिच्या आईला शोधत आलेय."

मोर्फोला समजेना, हसावं कीं रडावं. ती अनवाणी धावली. चक्कीवर आन्थी गोणींवर निजली होती. आईला बघून हसली नाही.

"आई, घंटा तुला ऐकूं आली होती?"

मोर्फोला खोटं बोलतां आलं असतं. वारा होता, वाजंत्री होती.

"आली होती."

"मग?"

"मग मी मातले."

आन्थी कोपरावर टेकून उठून बसली. मग म्हणाली, "तहान लागलीय. पाणी दे."

मोर्फोनं पाणी दिलं. पाय जुळला, आणि तिथंच चक्कीच्या अंगणांत लग्न लागलं.

नदीमाय मोर्फोवर कोपली, तशी कुणावर न कोपो. तिला लेक परत दिली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांची माणसं परत देवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं सांगितली, ऐकणाऱ्यांना सुफळ होवो, इथं संपूर्ण.