नकारांची पेटी

एका राज्यात दगड चालत असत. हसू नका, आधी ऐकून घ्या. साधे दगड नव्हेत, शिवेचे दगड. कमरेएवढे उंच, शेंदूर फासलेले. दुपारची जेवणं आटोपून माणसांचा डोळा लागला की ते उठत आणि राजधानीच्या दिशेने सरकत. आज ज्याचं शेत राज्यात, उद्या त्याचं शेत राज्याबाहेर. आणि बाहेर राहिलेल्या माणसाचं काय होई? तो दिसे, पण त्याचा आवाज आत येत नसे. कितीही बोंब मारली तरी नुसते ओठ हलत. आत यायला पाऊल उचललं तर पाऊल हवेतच अडे. मग दिवसागणिक तो फिका पडत जाई आणि शेवटी धुक्यात धुकं होऊन जाई.

अशा राज्यात कुणाला झोप लागणार? माणसं उशाशी बोचकी बांधून पडत. गायी दावणीला ओढ देत. लग्नं ठरत आणि मोडत, कारण मांडव घालायचा तरी कुठे?

राजाचं नाव दुर्गसेन, राणीचं सुवर्चला. लोकांनी घाबरू नये म्हणून दोघांनी एक शहाणपण केलं. त्यांची एकुलती एक लेक कुंदा. तिला शिवेलगतच्या कोरवली गावी देवीच्या जत्रेला धाडलं. राजाची पोर तिथे राहते म्हणजे शीव पक्की, असं लोकांनी म्हणावं, हा बेत. लोक तसं म्हणालेही. आणि जत्रा रंगात आली असताना, भर दुपारी दगड उठले आणि कोरवलीला बाहेर टाकून आत आले.

राणीने रथ पिटाळला. दगडांपलीकडे कुंदा उभी होती. हात जोडत होती, काही सांगत होती, आणि आवाज मात्र नाही. हाकेच्या अंतरावर पोर, आणि हाकच पोचेना! राणीने दगडावर कपाळ आपटलं. दगड ढिम्म. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर कुंदाच्या हिरव्या परकराचा रंग उतरलेला. पोर हातची चालली, हे राणीला कळून चुकलं.

ती तडक राजसाळुंकीकडे गेली. आता ही साळुंकी कोण, ते सांगायला हवं. फार पूर्वी सात वस्त्यांनी एका चिंचेखाली बसून हे राज्य उभं केलं, तेव्हा लिहिता कुणालाच येत नव्हतं. म्हणून सभेत ठराव झाला की तो साळुंकीच्या कानात सांगत. आधी काय ठरलं ते सांगायचं. मग नाही कोण म्हणालं आणि का म्हणालं, तेही सांगायचं. साळुंकी आपल्या पिलाला पढवी, पिलू पुढच्याला. दर पाडव्याला ती भर सभेत सगळं म्हणून दाखवी, आणि राजाने ते उभ्याने ऐकायचं, अशी रीत होती.

राणी म्हणाली, "साळुंके, शीव का चालते?"

"राणीसाहेब, मला अर्धंच येतं. माझ्या पणजीला पुरतं येत होतं."

"उरलेलं अर्धं कुठे गेलं?"

"महाराजांच्या आजोबांना नकार ऐकायचा कंटाळा आला. सणासुदीला हे रडगाणं कशाला, म्हणाले. धूम्रकेश मांत्रिकाला बोलावलं. त्याने माझ्या पणजीच्या गळ्यातून सगळे नकार उपटून काढले आणि तांब्याच्या पेटीत कोंडले. तेव्हापासून राजवाड्यात नकार ऐकू येत नाही. कुणी नाही म्हणालं की त्याचे शब्द उडतात आणि पेटीत जाऊन पडतात."

"पेटी कुठे आहे?"

"राज्याच्या मध्यावर, बोडक्या डोंगरावर. धूम्रकेश तिच्यावर बसलाय."

राजाने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "सुवर्चला, ती पेटी बंदच राहू दे. आतून काय निघेल, कोण जाणे. सिंहासन जाईल माझं."

"महाराज, सिंहासन मांडायला जमीन तर उरायला हवी ना!" असं म्हणून राणीने साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि ती निघाली.

डोंगरावर धूम्रकेश खरोखरच पेटीवर बसला होता. पेटी आतून धडधडत होती. बिचाऱ्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कितीतरी वर्षांत त्याला पाठ टेकता आली नव्हती. बरं झालं, म्हणा. केली करणी भरावीच लागते.

"पेटी दे," राणी म्हणाली.

"न्या, बाईसाहेब, सुखाने न्या! पण ज्याने ती भरली त्याला रिकामी करता येत नाही. तीन कामं करील त्याच्याच हातून ती रिकामी होते. पहिलं काम. समोरच्या ओढ्याचं ओंजळभर पाणी आणा."

हे काय काम झालं? राणी ओढ्यावर गेली आणि वाकली. पाणी मागे सरलं. "थांब!" राणीने हुकूम केला. पाणी आणखी मागे गेलं. ती पुढे, ओढा मागे. काट्यांनी पाय फाटले. शेवटी ती मटकन खाली बसली. "बाबा रे, का देत नाहीस पाणी?"

"तुमचे हत्ती वर धुता," ओढा म्हणाला, "खालच्यांनी काय प्यावं?"

राणी म्हणाली, "खरं आहे तुझं." तेव्हा पाणी आपण होऊन तिच्या ओंजळीत आलं.

दुसरं काम. सागाच्या झाडावर एक राघू बसे. त्याच्या तोंडून स्वतःचा एक दोष ऐकून यायचा, आणि त्याला हाकलायचं नाही. राघू म्हणाला, "एकच? एकात कसं भागायचं?" आणि सकाळी जो सुरू झाला, तो दुपारपर्यंत थांबला नाही. राणीचा हात चारदा दगडाकडे गेला. पण लेकीचा विटका परकर डोळ्यांपुढे आला की हात मागे येई. कान लालबुंद करून ती परतली.

"आता तिसरं," धूम्रकेश म्हणाला. "पेटी उघडेल. आतला एकूण एक नकार ऐकायचा. मध्ये बोलायचं नाही. 'पण' एवढं जरी म्हणालात, तरी झाकण बसेल आणि पुन्हा पहिल्यापासून."

झाकण उघडलं. ताजे नकार वर होते. पहिलाच आवाज आला. तो कुंदाचा आवाज होता.

"आई, मी कोरवलीला जाणार नाही. तिथले लोक म्हणतात, दगड गावापाशी आलेत. मला भीती वाटते. नको ना पाठवू."

राणीला तो प्रसंग जसाच्या तसा आठवला. निघायच्या दिवशी कुंदा दारात उभी राहून ओठ हलवत होती. पोर रुसून पुटपुटते आहे, असं वाटून राणीने हसत तिच्या वेणीत गजरा माळला होता आणि तिला रथात बसवलं होतं.

"पण बाळ, मला ऐकूच—"

झाकण धाडकन बसलं.

राणीने छाती पिटून घेतली. मग पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पेटीपुढे बसली. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच, "नको ना पाठवू." ती रडत रडत ऐकत राहिली. मागोमाग बाकीचे आले. खंदक खणायला न येणारे वडार, हत्तींच्या चाऱ्याला शेत न देणारी विधवा, प्रधानाला मुलगी न देणारा सोनार. एकेकाने आपलं कारण सांगितलं. अगदी तळाशी सगळ्यांत जुना नकार होता. पहिल्या सभेतला, कोरवलीच्या तुंगाबाईचा.

"राजाच्या पोटचाच राजा, हे मला मान्य नाही. पुढचा राजा सभेने निवडावा. तुम्ही बहुतेकांनी उलट ठरवलंत, असो. मी फुटून जाणार नाही. माझा नकार जोवर राजाच्या कानावर पडतो आहे, तोवर माझं गाव या शिवेच्या आत. ज्या दिवशी राजा ऐकणं सोडील, त्या दिवशी ही शीव जागा सोडील."

एवढं झालं आणि सगळे नकार उडून साळुंकीच्या गळ्यात शिरले. पेटी गप्प झाली. धूम्रकेश तिथेच खडकावर आडवा झाला आणि घोरू लागला.

राणीने राजाला शिवेवर बोलावलं, आणि सगळ्या प्रजेलाही.

"इथे? सगळ्यांदेखत?" राजाने विचारलं.

"सगळ्यांदेखत. आणि उभ्याने."

साळुंकी बोलू लागली. राजाने दोनदा रथाकडे वळून बघितलं, पण पलीकडे कुंदा इतकी फिकी झाली होती की तिच्या आरपार झाडं दिसत होती. राजा हलला नाही. तुंगाबाईचा नकार आला तेव्हा त्याने मुकुट काढून हातात घेतला.

"ऐकलं," तो म्हणाला. "पुरतं ऐकलं."

दगड उठले. या खेपेस त्यांनी पाठ फिरवली आणि ते बाहेरच्या दिशेने चालू लागले. ते कोरवलीपलीकडे गेले मात्र, साऱ्या गावाचा गलका एकदम कानांवर आदळला. राणी धावली, लेकीला तिने छातीशी धरलं. पोरीचं अंग ऊबदार होतं.

"चल बाळ, घरी चल."

"नाही," कुंदा म्हणाली. केवढा खणखणीत आवाज! ती तिथेच धुळीत बसली. "माझ्याआधी किती गावं बाहेर गेली, आई. तेव्हा तुम्ही कुणी आला नाहीत. मी त्यांच्यात राहून आलेय. त्यांतलं शेवटचं माणूस आत येईतो मी इथून उठणार नाही."

राजाच्या कपाळावर आठी चढली. "राजकन्येने धुळीत बसायचं?"

राणीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती पोरीशेजारी धुळीत बसली. थोड्या वेळाने राजाही बसला. दगड लांब लांब जात होते. धुक्यातून आधी डोकी दिसत, मग हात, मग हाका ऐकू येत. कुणी आईला हाक मारी, कुणी म्हशीला. उन्हं कलायच्या सुमाराला एक जख्ख म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, "माझ्यामागे कुणी नाही." तेव्हा कुठे कुंदा उठली.

पुढे चिंचेखाली सभा बसली. राजा कोण, हे नव्याने ठरलं. दुर्गसेनच ठरला, पण सहजासहजी नव्हे. पाडव्याला साळुंकीने म्हणून दाखवलं, "ठराव झाला, दुर्गसेन राजा. नाही म्हणणारे पुष्कळ. त्यांत पहिली कुंदा. कारण तिने असं दिलं, की बाबांना अजून शिकायचं आहे." सभेत खसखस पिकली. राजाने ते उभ्याने, शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या सगळ्यांची पंगत बसली, तशी तुमची आमची बसो.