पाळण्यातले नाव

एका राज्यात राजपुत्राचे नाव ठेवणे म्हणजे त्याला मृत्यूच्या हवाली करणे होते.

वेशीबाहेर एक काळी विहीर होती. तिच्या काठी एक मांत्रिक बसे. लोक त्याला काळजिभ्या म्हणत. बारशाला राजपुत्राचे नाव उच्चारले की वारा ते त्याच्या कानी नेई. तो विहिरीत वाकून त्या नावाने हाक मारी, "ये." आणि पाळणा रिकामा होई. राणी सुवेलेचा थोरला अरिंजय असा गेला. दुसऱ्याचे नाव तिने मुद्दाम धोंडू ठेवले. असल्या नावाला कोणाची दृष्ट लागावी? तोही गेला.

तिसऱ्या मुलाचे तिने नावच ठेवले नाही. पण बिननावाचे मूल अंग धरीना. दूध पिई आणि हलके होत जाई. एका सकाळी तिने त्याला उचलले, तर हाताला फक्त दुपट्याचे वजन लागले.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, बाळ विरत चालले आहे."

"दिसते आहे मला. त्या दुष्टाला घेता येणार नाही असे एखादे नाव सांग."

"एकच आहे. त्याचे स्वतःचे, पाळण्यातले. मंत्र शिकताना त्याने ते स्मरणातून पुसून टाकले. त्या नावाने हाक मारील, तर हाक आधी जुन्या धन्याला लागेल. ते नाव फक्त त्याच्या आईला ठाऊक."

"ती कुठे असते?"

"तुमच्या बुरुजाच्या पायात."

सुवेला लग्न होऊन आली तेव्हा बुरुज उभा होता. त्याआधी बांधताना तो पुन्हा पुन्हा ढासळत होता म्हणून राजा रणधवलाने एक विधवा जिवंत पायात घातली, हे तिला आजवर कोणी सांगितले नव्हते. ती तशीच उठली आणि बुरुजाच्या दगडाला कान लावून बसली.

"आई, तुमच्या मुलाचे नाव हवे आहे."

आतून आवाज आला, "सांगितले तर माझा मुलगा मरेल."

"नाही सांगितले तर माझा. दोन त्याने आधीच नेले."

मग आवाज म्हणाला, "तर आता त्याला माझ्यापाशीच बोलावले पाहिजे. पण आधी मला बाहेर काढ. त्याच्या विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घाल. बुरुजावरचे निशाण मला पांघरायला दे. आणि ज्याने मला गाडले, त्यानेच दगड उचलावेत."

राणी घडा घेऊन विहिरीवर गेली. काळजिभ्या सरकून बसला.

"तिसऱ्याचे नाव काय ठेवलेस?"

"अजून सुचले नाही."

ती वाकली. पाण्यात तिचे दोन्ही मुलगे होते. "आई," ते म्हणाले. ओ दिली असती तर ती आत गेली असती. ओठ दातांखाली धरून तिने घडा भरला.

बुरुज टिकावा म्हणून निशाण मंतरलेले होते. उतरवताना ते निखाऱ्यासारखे तापले. तिचे तळहात भाजले, तरी तिने ते सोडले नाही.

मग ती राजापुढे उभी राहिली.

राजा म्हणाला, "बुरुज पडला तर राज्य पडेल."

"महाराज, त्या बाईला आत घालताना ती काही बोलली होती?"

राजाने मान खाली घातली. "मुलगा घरी एकटा आहे, म्हणत होती."

तो उठला. प्रत्येक दगडासरशी त्याचे वय वाढत गेले. हाडे दिसू लागली तेव्हा तो वाकलेला म्हातारा झाला होता. राणीने हाडे धुतली, निशाणात गुंडाळली. तेव्हा तिच्या कानाशी शब्द आले, "सोबत. मला दुसरे कोणी नव्हते, म्हणून ठेवले होते."

बारशाला पाळण्याची दोरी धरायला कोणी बाई पुढे येईना. राणीने भाजल्या हाताने स्वतः दोरी धरली आणि मोठ्याने म्हणाली, "सोबत."

वारा ते नाव विहिरीवर घेऊन गेला. मांत्रिक वाकून म्हणाला, "सोबत, ये." आणि थबकला. जवळच्या गुराख्यांनी पाहिले, की त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "आलो," तो म्हणाला, आणि पाण्यात उतरला. विहीर मातीने भरून आली.

राणीचे आधीचे दोघे परतले नाहीत. तिसरा मात्र तिच्या हातांत जड झाला आणि भुकेने रडू लागला. राजाने हाडांना स्वतः अग्नी दिला आणि यापुढे कोणत्याही बांधकामाच्या पायात माणूस घालू नये अशी दवंडी पिटवली. बुरुज पडला, राज्य पडले नाही.

प्रधान म्हणाले, "राणीसाहेब, वैऱ्याचे नाव बदलावे."

"ते वैऱ्याने ठेवलेले नाही," राणी म्हणाली. "त्याच्या आईने ठेवले आहे."

तरी त्या नावाने हाक मारायचे तिला पुष्कळ दिवस धैर्य झाले नाही. मग एका दुपारी मूल रांगत जिन्याच्या तोंडाशी गेले. राणी लांब होती.

"सोबत," तिने हाक मारली.

मूल थांबले, वळले, आणि तिच्याकडे आले.