एकोणतीस अक्षरांची साळुंकी

एका राज्यात राजाला एकच नाद होता. पटावर इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या मांडायच्या. ज्याचा शब्द लांब नि अनोखा, त्याला दरबारात मान. म्हणून आया आपली लेकरं वक्रजिव्ह जादूगाराकडे शिकायला धाडत. त्याचा रिवाज असा, की एक इंग्रजी शब्द द्यायचा आणि बदल्यात लेकराच्या तोंडचा घरातला एक शब्द काढून घ्यायचा.

सोनवंतीची मंजुळा चार वर्षांची. शेजारीण ओट्यावरून टोचायची, "अगोबाई, तुमची अजून भाकरच मागते का?" सोनवंतीच्या जिवाला घोर लागला. पोरगी मागे पडली तर?

गेली लेकीला घेऊन. 'भाकर' दिली, 'क्विक्सॉट्री' आला. 'घर' दिलं, 'कॅझीक' आला. तिसऱ्यांदा जादूगार म्हणाला, "आता सगळ्यांत लांब. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एकोणतीस अक्षरं."

"अर्थ काय, महाराज?"

"एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. बदल्यात 'आई' लागेल."

सोनवंती घुटमळली. मग शेजारीण आठवली. "घ्या," म्हणाली.

शब्द गेला तशी मंजुळेची साळुंकी झाली. जादूगार हसला. "दरबारात तीन डाव जिंकली तर माणूस होईल. हरली तर जन्मभर माझ्या पिंजऱ्यात."

साळुंकीने चोचीने सोंगट्या मांडल्या. 'क्विक्सॉट्री'वर पहिला डाव जिंकला. 'कॅझीक'वर दुसरा जिंकला. तिसऱ्याला लांब शब्द मांडायला घेतला. पंधरा घरं भरली, पट संपला, शब्द जेमतेम निम्मा.

"हरली!" जादूगाराने पिंजरा उघडला.

सोनवंती राजाच्या पुढ्यात आडवी झाली. "महाराज, पटावर न बसलेल्या शब्दाचं काय करतात?"

"ज्याचा त्याला परत. खेळाचा कायदाच आहे."

"मग ह्यांचा ह्यांना द्या. माझा मला द्या."

राजा कायद्याचा पक्का. जादूगाराने थुंकल्यासारखा 'आई' बाहेर टाकला, आणि त्याची जीभ झडून पडली. साळुंकीची मंजुळा झाली. राज्यातले सगळे पिंजरे आपोआप उघडले. राजाने पट चुलीत घातला. पण जे इंग्रजी शब्द डावात खर्ची पडले होते, त्यांच्या बदल्यात दिलेले घरातले शब्द कोणालाच परत मिळाले नाहीत.

सोनवंतीने लेकीला छातीशी धरलं. "चल बाई, घरी जाऊ. भाकर देते."

पोरगी नुसती बघत राहिली. सोनवंतीला रडू आवरेना.

मंजुळेने इवल्या हातांनी तिचं तोंड पुसलं आणि भीतभीत विचारलं, "आई, मी हरले म्हणून रडतेस?"